एका चर्चची तीन फाटके : व्हिक्टोरियन काळातील ग्रासमिअर पॅरिश

इंग्लंडच्या वायव्येला, जुन्या वेस्टमोरलंड परगण्यातील ग्रासमिअर गावात, रोथे नदीच्या काठी सेंट ऑस्वल्डचे चर्च उभे आहे. जाड दगडी भिंती आणि ठेंगणा मनोरा असलेली ही वास्तू लांबून साधीच दिसते. तिच्या आवाराला मात्र तीन फाटके होती. एकातून ग्रासमिअरचे लोक येत, दुसऱ्यातून रायडल आणि लफरिगचे, तिसऱ्यातून लँगडेलचे. आत गेल्यावरही जागा ठरलेल्या असत. साधारण १४९०च्या सुमारास चर्चला उत्तरेच्या अंगाने जो भाग जोडण्यात आला, तो लँगडेलकरांच्या बसण्यासाठीच होता. चर्च एक, धर्मगुरू एक. पण वाट, बाक आणि वर्गणी ज्याची त्याची. उत्तर इंग्लंडमधील ग्रामीण पॅरिशची सगळी रचना या तीन फाटकांत सामावलेली आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या चौसष्ट वर्षांत, ही रचना मुळापासून बदलली. धर्माचा कारभार आणि गावाचा कारभार शतकानुशतके एकाच दावणीला बांधलेले होते. ते याच काळात वेगळे झाले.

पॅरिश आणि टाउनशिप

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा मुलूख. वसईच्या ख्रिस्ती समाजात त्याला ‘धर्मग्राम’ म्हणतात, गोव्यात ‘फिरगज’. इंग्लंडमध्ये पॅरिशांच्या सीमा बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत बहुतेक ठरून गेल्या होत्या. सीमेच्या आत राहणाऱ्याने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन आपल्याच चर्चमध्ये करायचे आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, त्या चर्चला द्यायचा, असा नियम होता.

दक्षिणेकडे जमीन सुपीक आणि वस्ती दाट. तेथे एक गाव म्हणजे एक पॅरिश, असा साधा हिशेब बसे. उत्तरेकडे डोंगर, दलदल आणि माळरान. एका गावाच्या दशमांशावर चर्चचा आणि धर्मगुरूचा खर्च निघणे शक्य नव्हते. त्यामुळे अनेक गावे-वाड्या मिळून एक पॅरिश होई. लँकेशायरमधील व्हॉली या पॅरिशमध्ये चाळीसहून अधिक गावे होती. यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्सच्या पॅरिशमध्ये वीसच्या वर. अशा मोठ्या पॅरिशच्या पोटातल्या प्रत्येक घटकाला टाउनशिप म्हणत. आज मराठीत ‘टाउनशिप’ म्हटले की फाटकबंद गृहसंकुल डोळ्यांपुढे येते. या टाउनशिपचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. स्वतःची शेते, स्वतःचे कुरण, स्वतःची सीमा आणि स्वतःची करआकारणी असलेले गाव, असा तिचा अर्थ होता. आपल्या महसुली दप्तरातल्या ‘मौजे’ या शब्दाच्या तो बराच जवळचा आहे.

टाउनशिपला कायद्याने वजन दिले ते गरिबांच्या पोषणाच्या प्रश्नाने. १६०१च्या गरीब कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी टाकली होती. परंतु उत्तरेतल्या अवाढव्य पॅरिशना ते झेपेना. एका टोकाच्या विधवेला दुसऱ्या टोकाच्या अधिकाऱ्याकडे जायला दिवस लागे. म्हणून १६६२च्या कायद्यात लँकेशायर, चेशायर, डर्बीशायर, यॉर्कशायर, नॉर्थंबरलंड, डरहॅम, कंबरलंड आणि वेस्टमोरलंड अशी नावे घेऊन तेथील टाउनशिपना आपापले अधिकारी नेमण्याची आणि आपापले गरीब सांभाळण्याची मुभा देण्यात आली. तेव्हापासून उत्तरेत माणसाला दोन पत्ते झाले. प्रार्थनेपुरता तो पॅरिशचा असे. करासाठी आणि अडीअडचणीसाठी टाउनशिपचा.

डोंगरांनी आखलेला मुलूख

ग्रासमिअर पॅरिशच्या टाउनशिपची आखणी निसर्गानेच केली होती. मध्यभागी ग्रासमिअर : सरोवर, भोवतीची हिरवी खाचरे आणि उत्तरेला डनमेल रेझ ही खिंड. खिंडीपलीकडे कंबरलंड परगणा लागे. दक्षिणेला रोथे नदी रायडल वॉटर या छोट्या सरोवरातून जाते. तिच्या दोन्ही अंगांना रायडल आणि लफरिग मिळून दुसरी टाउनशिप. पश्चिमेला उंच डोंगररांगेपलीकडे लँगडेलची दोन खोरी, थोरले आणि धाकटे, मिळून तिसरी. धाकट्या लँगडेलच्या वर, रायनोझ खिंडीत, वेस्टमोरलंड, कंबरलंड आणि लँकेशायर हे तीन परगणे एका बिंदूवर भेटत. तेथे रोवलेल्या सीमेच्या दगडावर १८१६ हे साल कोरलेले आहे.

चौथा घटक अर्धाच होता. अँबलसाइड या बाजारपेठेच्या मधून स्टॉक घिल हा ओढा वाहतो. ओढ्याच्या वरचा भाग ग्रासमिअर पॅरिशमध्ये, तर खालचा विंडरमिअर पॅरिशमध्ये. एकाच बाजारात समोरासमोर दुकान मांडून बसलेली दोन माणसे दोन वेगळ्या चर्चांची असत. पॅरिशच्या सीमा आखल्या गेल्या तेव्हा तेथे बाजार नव्हता, ओढा होता. नंतर गाव वाढले, सीमा मात्र जागची हलली नाही. व्हिक्टोरियन सुधारकांना अशा शेकडो गुंत्यांना तोंड द्यावे लागले.

चर्चची वाट

मोठ्या पॅरिशचा सर्वांत मोठा जाच मरणानंतर होई. दफनाचा हक्क मूळ चर्चलाच असल्यामुळे दूरच्या वाडीवरचे प्रेत डोंगर ओलांडून न्यावे लागे. यॉर्कशायरच्या स्वेलडेल खोऱ्यात केल्डपासून ग्रिंटनच्या चर्चपर्यंत सुमारे पंचवीस किलोमीटरची अशी प्रेतवाट होती. १५८०मध्ये म्यूकरला चॅपल झाले तेव्हा कुठे लोकांची सुटका झाली. ग्रासमिअर पॅरिशमध्येही अँबलसाइडकडून रायडलवरून ग्रासमिअरला येणारी प्रेतवाट डोंगराच्या कुशीतून जाते. वाटेवर खांदेकऱ्यांनी शवपेटी टेकवायचा सपाट दगड आजही दाखवतात. खांदेकरी तेथे थांबत, खांदा बदलत आणि पुन्हा चालू लागत.

चर्चचा अंतर्भाग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत साधासुधाच होता. जमीन मातीची. तिच्यावर दरवर्षी तळ्याकाठचे लव्हाळे कापून अंथरत. ओल आणि थंडी यांपासून तेवढाच बचाव. लव्हाळे वाहून आणण्याचा दिवस सगळ्या पॅरिशचा सण असे; मुले फुलांनी सजवलेले भारे घेऊन मिरवणुकीने येत. १८४०मध्ये फरशी घातली गेली आणि लव्हाळ्याची गरज संपली, पण मिरवणूक टिकली. ती आजही निघते.

चर्चच्या डागडुजीचा खर्च टाउनशिपवार वाटला जाई. धर्मगुरूच्या पोटापाण्यासाठी दशमांश होता. तो मुळात धान्य, लोकर, कोकरे अशा वस्तूंच्या रूपाने घेतला जाई. पीक काढायचे शेतकऱ्याने आणि दहावी पेंढी उचलायची चर्चने, याबद्दल देशभर कुरकुर होती. १८३६च्या कायद्याने वस्तुरूप दशमांश रद्द करून त्याची रोख रक्कम ठरवण्यात आली. ती गहू, जव आणि ओट यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावाला बांधलेली असे. या कामासाठी इंग्लंड आणि वेल्सच्या फार मोठ्या भागात पॅरिशवार किंवा टाउनशिपवार नकाशे काढण्यात आले. कोणते शेत कोणाच्या मालकीचे, कोण कसतो, त्यात पीक आहे की कुरण, हे त्यांत नोंदलेले आहे. ग्रामीण इंग्लंडचा इतिहास लिहिणाऱ्यांच्या हाती यापेक्षा मोलाची कागदपत्रे थोडीच असतील.

व्हेस्ट्री : गावाची बैठक

टाउनशिपचा कारभार व्हेस्ट्री नावाच्या बैठकीत चाले. धर्मगुरूंचे झगे ठेवायच्या खोलीला व्हेस्ट्री म्हणतात. बैठका तेथे भरत, म्हणून बैठकीचेही तेच नाव पडले. कर भरणारा प्रत्येक गृहस्थ तिचा सभासद. ईस्टरच्या आठवड्यात वर्षाचे पदाधिकारी नेमले जात. चर्चवॉर्डन चर्चची इमारत आणि जिन्नस सांभाळी. ओव्हरसियर गरीबपट्टी गोळा करून वाटी. सर्व्हेयर रस्ते पाही. कॉन्स्टेबल चोर, भटके आणि भांडणे यांचा बंदोबस्त ठेवी. ही पदे बहुधा बिनपगारी असत आणि घरटी आळीपाळीने येत. रात्री हिशेबाची वही लिहिणारा ओव्हरसियर सकाळी स्वतःच्या मेंढ्यांमागे असे.

रस्त्यांसाठी १८३५पर्यंत वेठीची पद्धत होती. वर्षातून सहा दिवस प्रत्येक घराने माणूस किंवा गाडी-घोडा द्यायचा. त्या वर्षीच्या कायद्याने वेठ संपली आणि तिच्या जागी रस्तेपट्टी आली. सर्व पट्ट्या मालमत्तेच्या भाडेमूल्यावर, पौंडामागे इतके पेन्स या हिशेबाने बसत. जास्त मालमत्तेला जास्त मत असावे हेही कायद्याने मान्य केले होते. १८१८च्या कायद्याप्रमाणे व्हेस्ट्रीत एका माणसाला मालमत्तेनुसार एकापासून सहापर्यंत मते मिळत. त्यामुळे बैठक सर्वांची असली तरी शब्द जमीनदाराचा चाले. वरच्या बाजूला दंडाधिकारी होते. तेही बहुधा मोठ्या जमीनदारांपैकीच. रायडलमध्ये हे स्थान रायडल हॉलच्या ल फ्लेमिंग घराण्याकडे होते.

गरीब कोणाचा?

टाउनशिपच्या वहीत सर्वाधिक पाने गरीबपट्टीची भरत. पट्टी आपल्याच शेजाऱ्यांकडून यायची आणि आपल्याच शेजाऱ्यांना जायची, त्यामुळे ‘हा गरीब आपला की परका?’ हा प्रश्न फार काटेकोरपणे विचारला जाई. जन्म, विवाह, उमेदवारी किंवा विशिष्ट भाड्याचे घर, यांपैकी एखाद्या कारणाने माणसाला एका टाउनशिपचा रहिवासी हक्क मिळे. दुसऱ्या गावात तो निराधार झाला तर दोन दंडाधिकाऱ्यांच्या सहीने त्याला मूळ टाउनशिपमध्ये पाठवून दिले जाई. आजारी मजूर, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे अशी गाड्यांत घालून हद्दीपार नेली गेली. पट्टी वाचवण्याच्या या धडपडीत सर्वांत दुबळ्यांचे हाल झाले, ही जुन्या व्यवस्थेची सर्वांत काळी बाजू होती.

उजळ बाजूही होती, आणि तिचे उदाहरण ग्रासमिअरमध्येच घडले. मार्च १८०८मध्ये ईझडेलच्या ब्लेंटर्न घिल या एकाकी शेतघरातील जॉर्ज आणि सेरा ग्रीन हे दांपत्य डोंगर ओलांडून लँगडेलला एका लिलावाला गेले. परतताना हिमवादळ आले. ग्रासमिअर आणि लँगडेल यांच्यामधल्या त्या रांगेवर दोघेही वाट चुकून मरण पावले. मागे आठ मुले राहिली. त्यांतली सहा घरात एकटी वाट पाहत होती. बातमी पसरताच खोऱ्यातील माणसे शोधाला निघाली. मृतदेह सापडले आणि दोघांना ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात एकत्र मूठमाती देण्यात आली. पुढे मुलांना पॅरिशकडून भत्ता मिळाला, शेजाऱ्यांनी त्यांना घरांत वाटून घेतले आणि सुमारे पाचशे पौंडांची सार्वजनिक वर्गणी जमली. कवी विल्यम वर्ड्सवर्थची बहीण डोरोथी हिने या घटनेचा वृत्तान्त लिहून ठेवला. मदत करणारा आणि मदत घेणारा एकमेकांना नावाने ओळखत होते. लहान टाउनशिपचे बळ त्यात होते.

१८३४च्या नव्या गरीब कायद्याने हे बळ आणि तो जाच, दोन्ही मोडीत काढायला घेतले. अनेक पॅरिश आणि टाउनशिप एकत्र करून ‘युनियन’ बनवण्यात आल्या. प्रत्येक युनियनला निवडून आलेल्या पालकांचे मंडळ आणि एक वर्कहाउस. धट्ट्याकट्ट्या गरिबाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये येऊन राहावे, तेथे नवरा, बायको आणि मुले वेगवेगळ्या दालनांत राहावीत, आणि तेथले जिणे सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही खडतर असावे, हे त्या कायद्याचे सूत्र होते. ग्रासमिअरच्या टाउनशिप केंडल युनियनमध्ये गेल्या. केंडल तेथून पंचवीस किलोमीटरहून जास्त दूर. उत्तरेच्या ग्रामीण युनियनमध्ये म्हाताऱ्यांना आणि विधवांना घरपोच थोडे पैसे देण्याची जुनी रीत बरीच चालू राहिली. पण निर्णय आता शेजाऱ्याच्या हातात राहिला नाही. टाउनशिपचा ओव्हरसियर पट्टी गोळा करून वर पाठवणारा उरला.

एक विसंगती मात्र आणखी तीस वर्षे टिकली. युनियन एक असली तरी प्रत्येक टाउनशिप आपापल्या गरिबांचाच खर्च देत होती. त्यामुळे मजुरांना राहायला घरे बांधू न देता त्यांना शेजारच्या गावात राहायला लावण्याची युक्ती अनेक जमीनदार करत. १८६५च्या कायद्याने गरिबांचा खर्च संपूर्ण युनियनवर समान टाकला, तेव्हा ही पळवाट बंद झाली.

मेंढ्या, पाटीचा दगड आणि बंदुकीची दारू

या खोऱ्यांतला शेतकरी लहान. पण पिढीजात हक्काच्या जमिनीवर बसलेला. स्थानिक भाषेत त्याला ‘स्टेट्समन’ म्हणत. तळाला थोडी गवताची आणि ओटची खाचरे, वर दगडी कुंपणांची कुरणे आणि त्याच्याही वर सामाईक डोंगर. डोंगरावर हर्डविक जातीच्या काटक मेंढ्या. तेथे कुंपण नव्हते. मेंढी आपल्या आईबरोबर ज्या उतारावर वाढली त्याच उतारावर राहते. या सवयीवर सगळी व्यवस्था उभी होती. शेत विकले गेले तरी मेंढ्या शेताबरोबरच राहत, कारण नव्या मेंढ्यांना तो उतार शिकवणे फार अवघड.

तरीही मेंढ्या भरकटत आणि रांगेपलीकडच्या टाउनशिपमध्ये उतरत. ओळख पटावी म्हणून प्रत्येक शेताची खूण ठरलेली असे : कानाला ठरावीक आकाराचा काप आणि लोकरीवर रंगाचा पट्टा. १८१७मध्ये मार्टिनडेलच्या जोसेफ वॉकरने या खुणांचे छापील पुस्तक काढले. प्रत्येक शेताच्या नावाबरोबर मेंढीचे चित्र, त्यावर कानाचा काप आणि रंगाची खूण. असे पुस्तक हाताशी असले की परकी मेंढी कोणाची हे क्षणात कळे. पुढे अशी पुस्तके वेळोवेळी निघत राहिली. वर्षातून ठरलेल्या दिवशी मेंढपाळांचा मेळा भरे, भरकटलेल्या मेंढ्या मालकांना परत केल्या जात आणि संध्याकाळी मेजवानी होई. सरकारी कागद टाउनशिपची सीमा आखत होता. मेंढपाळांचा मेळा ती रोजच्या व्यवहारात सांभाळत होता.

शेतगडी सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर ठेवत. व्हिटसन आणि मार्टिनमस या सणांना गड्यांचा बाजार भरे. काम हवे असलेला मुलगा किंवा मुलगी तोंडात गवताची काडी धरून रस्त्यात उभी राही. मालक येई, मजुरीची घासाघीस होई आणि सौदा ठरला की विसार म्हणून एक नाणे हातावर पडे. काडी काढली की माणूस बांधला गेला.

लँगडेलचे चित्र वेगळे होते. तेथे हिरवट पाटीच्या दगडाच्या खाणी होत्या. डोंगराच्या पोटातून काढलेल्या दगडाचे पातळ पापुद्रे काढून छपरांसाठी ते दूरवर पाठवत. १८२४मध्ये एल्टरवॉटरला बंदुकीच्या दारूचा कारखाना निघाला. चाकांसाठी वाहते पाणी आणि कोळशासाठी भोवतीचे रान, दोन्ही तेथे हाताशी होते. खाणींत सुरुंगाला लागणारी दारू शेजारीच तयार होऊ लागली. स्फोटांचे भय कायमचे, पण मजुरी नियमित. अँबलसाइडला ओढ्याच्या पाण्यावर बॉबिनच्या गिरण्या चालत. लँकेशायरच्या कापड गिरण्यांना लागणारी लाकडी रिळे तेथे तासली जात. वरवर शांत दिसणाऱ्या या पॅरिशचा धागा अशा रीतीने मँचेस्टरच्या कापडाशी जोडलेला होता.

रेल्वे, पाहुणे आणि पाणी

विल्यम वर्ड्सवर्थ १८१३पासून १८५०पर्यंत रायडल टाउनशिपमध्ये राहिला. केंडलहून विंडरमिअरकडे रेल्वे आणण्याचा बेत १८४४मध्ये पुढे आला, तेव्हा त्याने कवितेतून आणि वृत्तपत्रातून कडाडून विरोध केला. १८४७मध्ये गाडी विंडरमिअरपर्यंत आली. ती अँबलसाइडपर्यंत वाढवण्याचा प्रयत्न १८८७मध्ये फसला, म्हणून ग्रासमिअरला रेल्वे कधीच पोचली नाही. पाहुणे मात्र पोचले. एप्रिल १८५०मध्ये वर्ड्सवर्थला ग्रासमिअरच्या चर्चच्या आवारात पुरण्यात आले, आणि त्याची कबर पाहायला येणाऱ्यांची रीघ लागली.

या बदलाची खूण चर्चच्या फाटकालगतच पाहायला मिळते. तेथे १६३०मध्ये लोकवर्गणीतून बांधलेली गावची शाळा होती; वर्ड्सवर्थनेही काही काळ तेथे शिकवले होते. १८५०च्या दशकात गावाला नवी शाळा मिळाली, आणि जुन्या इमारतीत राहणाऱ्या सेरा नेल्सन या बाईने १८५४पासून आल्याची खुसखुशीत वडी, म्हणजे जिंजरब्रेड, करून दारात विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक मुख्यतः पाहुणेच. ते दुकान आजही त्याच जागी आहे.

शतकाच्या अखेरीस शहराने आणखी एक हात पुढे केला. मँचेस्टरची तहान भागवण्यासाठी डनमेल रेझपलीकडील थर्लमिअर सरोवराला बांध घालण्याचा कायदा १८७९मध्ये झाला. १५० किलोमीटरहून लांब जलवाहिनी ग्रासमिअरच्या हद्दीतून काढण्यात आली आणि १८९४मध्ये पाणी मँचेस्टरला पोचले. ज्या खिंडीने दोन परगणे वेगळे ठेवले होते तिच्या पोटातून शहराचे पाणी वाहू लागले.

गाठ सुटते

मूळ पॅरिशचे धार्मिक विभाजनही याच काळात पुरे होत आले. लेडी ॲन ल फ्लेमिंग यांनी १८२४मध्ये रायडलला चॅपल बांधले होते. अँबलसाइडला सेंट मेरीचे नवे चर्च १८५४मध्ये उभे राहिले आणि ओढ्याने विभागलेल्या गावाला आपले स्वतःचे चर्च मिळाले. लँगडेलच्या चॅपल स्टाइल गावात १८५७मध्ये जुन्या चॅपलच्या जागी नवे चर्च आले. आता डोंगर ओलांडून ग्रासमिअरच्या तिसऱ्या फाटकाकडे यायची गरज उरली नाही.

दुसरीकडे चर्चची सरकारी कामे एकेक करून काढून घेतली जात होती. १८३७पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची नोंद सरकारी निबंधक ठेवू लागला. तोवर चर्चची नोंदवही हाच मुख्य आधार होता. पगारी पोलीस आले आणि टाउनशिपचा कॉन्स्टेबल मागे पडला. १८६८मध्ये सक्तीची चर्चपट्टी रद्द झाली. मेथॉडिस्ट, क्वेकर, बॅप्टिस्ट अशा वेगळ्या पंथांच्या लोकांना दुसऱ्याच्या चर्चसाठी पैसे द्यावे लागत, याविरुद्ध त्यांनी अनेक वर्षे लढा दिला होता. १८७०च्या कायद्याने शाळांची जबाबदारी सार्वजनिक झाली आणि १८८०पासून मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे ठरले. १८७२मध्ये गावांचे सांडपाणी आणि आरोग्य पाहण्याचे काम युनियनच्या पालक मंडळांकडे आले.

या काळजीची निकड किती होती हे हॉवर्थच्या अनुभवावरून दिसते. लेखिका ब्राँटी भगिनींचे हे गाव यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्डच्या प्रचंड पॅरिशमधली एक टाउनशिप. तेथील धर्मगुरू पॅट्रिक ब्राँटी यांच्या अर्जावरून बेंजामिन बॅबेज यांनी पाहणी करून १८५०मध्ये अहवाल दिला. गावातील मृतांचे सरासरी वय २५.८ वर्षे होते आणि दर दहांतली चार मुले सहा वर्षांची होण्याआधीच दगावत. उघडी गटारे, कबरस्तानाजवळचे पाणी आणि अपुरे शौचकूप ही कारणे त्यात मांडलेली होती. चर्चवॉर्डन आणि ओव्हरसियर यांच्या जुन्या यंत्रणेकडे अशा संकटावर इलाज नव्हता.

सर्वांत निर्णायक बदल १८६६च्या एका छोट्या तरतुदीने झाला. ज्या ठिकाणी स्वतंत्र गरीबपट्टी बसते त्या प्रत्येक ठिकाणाला कायद्याच्या दृष्टीने ‘पॅरिश’ म्हणावे, असे तिने ठरवले. ग्रासमिअर, रायडल आणि लफरिग, लँगडेल या टाउनशिप अशा रीतीने एका फटक्यात स्वतंत्र पॅरिश झाल्या. त्यांना ‘सिव्हिल पॅरिश’ म्हणतात. चर्चच्या पॅरिशशी त्यांचा आता कायदेशीर संबंध राहिला नाही. १८९४च्या कायद्याने व्हेस्ट्रीचे नागरी अधिकार काढून ग्रामीण पॅरिशच्या निवडून आलेल्या परिषदांना दिले. तीनशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावाला परिषद, त्याहून लहान गावाला ग्रामसभेसारखी पॅरिश सभा. मालमत्तेनुसार अनेक मते देण्याची पद्धत संपली. प्रत्येक मतदाराला एकच मत मिळाले. विवाहित असो वा अविवाहित, स्त्रिया या परिषदांवर निवडून येऊ शकल्या. इंग्लंडच्या शेतमजुराला आपल्या गावाच्या कारभारात बरोबरीने हात वर करता आला तो येथे.

जुन्या व्यवस्थेतली दोन नाती या बदलात तुटली : शेजाऱ्याने शेजाऱ्याला पोसण्याचे आणि धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली गावाने एकत्र बसण्याचे. पहिल्यात माया होती तसा जाचही होता; दुसऱ्यात एकोपा होता तशी विषमताही. तुटले त्यापेक्षा मिळाले ते अधिक न्यायाचे होते, यात शंका नाही. मोठी, प्राचीन पॅरिश विरघळून गेली आणि तिच्या पोटातली लहानशी टाउनशिप स्थानिक लोकशाहीचे रूप घेऊन टिकली. १९३५मध्ये ग्रासमिअर, रायडल, लँगडेल आणि अँबलसाइड यांना शेजारच्या गावांसह ‘लेक्स’ नावाच्या एका प्रशासकीय घटकात पुन्हा एकत्र आणण्यात आले. इंग्लंडमध्ये आज दहा हजारांहून अधिक सिव्हिल पॅरिश आहेत, आणि उत्तरेतल्या त्यांपैकी कितीतरींच्या सीमा जुन्या टाउनशिपच्याच आहेत.